शेजारचा बोअर, आपली विहीर

आजोबांनी सुरुंग लावून खणलेली विहीर. तिने मोट पाहिली, इंजिन पाहिले, विजेचा पंप पाहिला. शेजाऱ्याने बांधालगत बोअर घेतला आणि माघातच तिचा तळ दिसू लागला. भावकीत बोलणे बंद! शेतकरी बंधूंनो, हे कोणत्या गावाला नवे आहे?

दाद कुठे मागावी? 1882 चा सुखाधिकाराचा कायदा सांगतो, आपल्या हद्दीत जमिनीखाली झिरपणारे पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे आपल्याइतकाच तो शेजाऱ्याचाही! सातबारावर विहिरीतला हिस्सा लिहिता येतो, पाझर कसा लिहिणार? राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहिरींना मनाई केली खरी. पण रात्री येणाऱ्या बोअरच्या गाडीला अडवायचे कुणी?

हिवरे बाजारात ते गावानेच केले. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे कमी पावसाचे गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तेथे ठरले, की शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. डोंगरउतारावर चर खणून पाणी जिरवले. पावसाळा सरला की पाण्याचा हिशेब होतो; माणसांचे, गुरांचे पाणी आधी बाजूला, उरेल त्यावर पिके. नियम सर्वांना सारखा, म्हणून शेजाऱ्याचा संशय नाही.

दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचे ठरवण्याआधी बांधालगतच्या दोघा-तिघांनी मिळून आपापल्या विहिरींत दोरी सोडून पाहावी. कुणाकडे किती परस पाणी आहे, ते एकाच वहीत लिहावे.