नात्यांचा डेटाबेस, लेखांक ६ : फ्युसेकी टॉमकॅटमध्ये बसवताना

गेल्या आठवड्यात आपण नद्यांची नाती त्रिकांत मांडली. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला. ही सारी माहिती अजून टर्टल स्वरूपातल्या एका फाइलीत, आपल्याच संगणकावर पडून आहे. सासवडच्या एखाद्या भूगोलाच्या शिक्षिकेला घरबसल्या विचारता आलं पाहिजे, की आमच्या गावावरून जाणारं पाणी पुढे कोणकोणत्या नद्यांतून वाहतं. त्यासाठी चोवीस तास चालणारा सर्व्हर हवा. तो कसा उभा करायचा ते आज पाहू. फाइलींची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत; टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची.

आपला सर्व्हर फ्युसेकी. तो जेना या जावा-संचाचा भाग. जेनाचा जन्म ह्यूलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टलमधल्या प्रयोगशाळेतला. २०१० मध्ये तो अपाचेकडे आला आणि २०१२ मध्ये तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. फ्युसेकी दोन तऱ्हांनी चालतो. एकतर त्याच्या पोटातच असलेल्या जेटी सर्व्हरवर, स्वतंत्रपणे. तेव्हा तो ३०३० या पोर्टवर भेटतो. नाहीतर वॉर फाइलीच्या रूपात, टॉमकॅटसारख्या वेब कंटेनरमध्ये. तुमच्याकडे टॉमकॅट नसेल, तर फक्त फ्युसेकीसाठी तो आणू नका. स्वतंत्र फ्युसेकी सांभाळायला सोपा पडतो. पण जिथे टॉमकॅट आधीपासून चालू आहे, त्याचं एचटीटीपीएस, लॉग, देखभाल हे सगळं बघणारं कुणीतरी आहे, तिथे त्याच्याच आश्रयाला जाणं शहाणपणाचं.

वॉर फाइल वेबअ‍ॅप्स या फोल्डरात ठेवायला मिनिटभर लागतं. मात्र प्रोग्रॅम उद्या पुन्हा उतरवून घेता येईल, माहिती नाही येणार. म्हणून माझं सांगणं असं, की बसवताना सारं लक्ष दोन गोष्टींकडे द्या : माहिती कुठे राहणार आणि तिला हात कोण लावू शकणार.

त्याआधी आवृत्त्यांची जोडी जुळवून घ्या. जावाच्या सर्व्हर-बाजूचे वर्ग पूर्वी जावॅक्स या नावाखाली असत. ओरॅकलने ते काम एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ पासून ते नाव जकार्ता झालं. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट १० नवं. जेना ४ मधला फ्युसेकी जुन्या नावाचा, जेना ५ मधला नव्या. जेना ५ ला जावा १७ आणि टॉमकॅट १०.१ द्या. जोडी चुकली तर टॉमकॅट मजेत चालू होतो, फ्युसेकीच्या पत्त्यावर मात्र ४०४ दिसतो, आणि माणूस तासन्‌तास पोर्ट तपासत बसतो. लॉगमध्ये ‘वर्ग सापडला नाही’ अशी तक्रार दिसली, तर पहिला संशय या जोडीवर घ्या. उतरवलेल्या वॉर फाइलीच्या नावात आवृत्तीचा आकडाही असतो. टॉमकॅट फाइलीच्या नावावरूनच वेबपत्ता ठरवतो, तेव्हा ती ठेवण्याआधी तिचं नाव नुसतं ‘फ्युसेकी.वॉर’ करा.

आता माहितीची जागा. वॉर फाइलीतून चालणारा फ्युसेकी आपलं सगळं सामान, म्हणजे डेटाबेस, सेटिंग, लॉग, बॅकअप, मुळात ‘/इटीसी/फ्युसेकी’ इथे ठेवू पाहतो. ‘फ्युसेकी_बेस’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन ती जागा बदलता येते. मी ‘/व्हार/लिब/फ्युसेकी’ सुचवेन. वाढत जाणारी माहिती ‘इटीसी’मध्ये ठेवू नये. ती वेबअ‍ॅप्सच्या आत तर कधीच ठेवू नका. टॉमकॅटमधून अ‍ॅप काढून टाकलं, की त्याचं उलगडलेलं फोल्डर पुसलं जातं, आणि आतला डेटाबेस त्याच्याबरोबर जातो.

फोल्डर तयार करून त्याची मालकी टॉमकॅटच्या युजरला द्यायची, इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. डेबियन आणि उबुंटूवर तेवढ्याने भागत नाही. तिथल्या पॅकेजमधून आलेला टॉमकॅट सिस्टमडीच्या कडक कुंपणात चालतो. लॉग, वेबअ‍ॅप्स अशा मोजक्या जागा सोडल्या तर बाकी सारी डिस्क त्याला फक्त वाचायला मिळते. मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, तरी लिहिता येत नाही, याचं कारण हे. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ आज्ञेने टॉमकॅटच्या सेवेत ‘रीडराइटपाथ्स’ची एक ओळ वाढवून आपलं फोल्डर कुंपणाच्या आत घ्यायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. नद्यांची फाइल टीडीबी२ या जेनाच्या स्वतःच्या डेटाबेस-साठ्याच्या लोडरने भरणार असाल, तर आधी टॉमकॅट थांबवा. टीडीबी२ चा डेटाबेस एका वेळी एकाच प्रोसेसने उघडायचा असतो. लोडर सुडोने चालवला असेल, तर तयार झालेल्या फाइली रूटच्या नावावर जातात; त्यांची मालकी टॉमकॅटला परत द्या.

मेमरीबाबत थोडक्यात. टीडीबी२ आपल्या अनुक्रमणिका ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून वाचतो, जावाच्या हीपमधून नाही. म्हणून १६ जीबीच्या मशीनवर हीपला १२ जीबी देऊन टाकणं उलट अंगाशी येतं. ४ जीबीपासून सुरुवात करा.

कुणाला काय करता येईल, हे शिरो नावाच्या सुरक्षा-संचाच्या छोट्या फाइलीत ठरतं. मूळ फाइलीत व्यवस्थापनाचे पत्ते फक्त त्याच मशीनवरून आलेल्याला खुले असतात, बाकी सगळं सर्वांना खुलं. वाचायला हे सुरक्षित वाटतं. पण टॉमकॅटच्या पुढे त्याच मशीनवर एनजिनएक्ससारखा मध्यस्थ सर्व्हर असेल, तर जगातून येणारी प्रत्येक विनंती फ्युसेकीला घरचीच वाटते, आणि डेटाबेस पुसण्याचं बटण कुणाच्याही हाती लागतं. हा धोका मी सगळ्यांत गंभीर मानतो. व्यवस्थापनाच्या पत्त्यांच्या ओळीतला ‘लोकलहोस्टफिल्टर’ काढून तिथे पासवर्डची अट घाला, आणि पासवर्ड एचटीटीपीएसवरूनच जाऊ द्या. शिक्षिकेला प्रश्न विचारायचे आहेत, माहिती बदलायची नाही. तेव्हा कॉन्फिगरेशन फोल्डरातल्या आपल्या डेटासेटच्या फाइलीत फक्त ‘क्वेरी’ची सेवा ठेवा, ‘अपडेट’ची लिहूच नका. ही फाइलही टर्टलमध्येच असते, म्हणजे सर्व्हरचं वर्णनसुद्धा त्रिकांतच. त्याच फाइलीत क्वेरीला वेळेची मर्यादा घाला. आकडा मिलिसेकंदांत द्यायचा असतो.

सर्व्हर जागा झाला का, हे ‘/फ्युसेकी/$/पिंग’ या पत्त्यावर कळतं. मग खरी परीक्षा : कऱ्हेपासून ‘मिळते’ या नात्याची एक किंवा अधिक पावलं चालत जाणारी क्वेरी. उत्तरात नीरा, भीमा, कृष्णा यायला हव्यात.

इथे मराठीसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि वेबपत्त्यात घालताना त्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. टॉमकॅट विनंतीची पहिली ओळ आणि हेडर मिळून मुळात ८१९२ बाइटच स्वीकारतो. इंग्रजी क्वेरी जिथे सहज मावते, तिथे देवनागरी चिन्हं नऊशेच्या आसपास पोचली की ती नाकारली जाते. मर्यादा वाढवत बसू नका. क्वेरी गेटऐवजी पोस्टने पाठवा.

दुसरी गोष्ट ‘कऱ्हा’ याच नावातली. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. स्पार्क्ल ही क्वेरीची भाषा मात्र चिन्हामागचे आकडे पाहते, त्यामुळे माहितीत एक रूप आणि प्रश्नात दुसरं असेल तर उत्तर रिकामं येतं, चूक म्हणून काहीही दिसत नाही. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही ही दोन रूपं एक करत नाही. माहिती भरण्यापूर्वीच एक रूप निवडून सगळीकडे तेच करा, आणि शोधखिडकीतून येणारे शब्दही त्याच गाळणीतून जाऊ द्या.

शेवटचं काम बॅकअपचं. चालू डेटाबेसचं फोल्डर तसंच कॉपी करू नका. ‘/फ्युसेकी/$/बॅकअप/’ पुढे डेटासेटचं नाव लिहून त्या पत्त्यावर पोस्ट विनंती पाठवली, की फ्युसेकी एन-क्वाड्स स्वरूपातली दाबलेली फाइल बॅकअप फोल्डरात तयार करतो. ती दुसऱ्या मशीनवर हलवा, तिथल्या रिकाम्या डेटाबेसात भरा, आणि कऱ्हेचा प्रश्न तिथेही विचारून पाहा. पुढच्या लेखांकात : टीडीबी२ चा डेटाबेस दर बदलाबरोबर का फुगतो आणि तो आटोपशीर कसा करायचा.