कळा आणवल्या, म्हणजे घाई केली?

सोलापुरात बाळंतिणीला भेटायला गेलं, की बाळाच्या वजनानंतरचा प्रश्न ठरलेला: ‘कळा आपोआप आल्या, का आणवल्या?’ ‘आणवल्या’ म्हटलं, की डॉक्टरांना घाई होती असा निकाल खाटेशेजारीच लागतो. काही वेळा घाई असतेही. पण नुसत्या त्या एका शब्दावरून ते ठरत नाही.

‘तारीख उलटली, आता थांबायचं नाही,’ हा घरच्यांचा धोशा. ही तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले २८० दिवस. नेमकी ती गाठणारी बाळं शंभरात चार-पाचच. सगळं सुरळीत असेल तर ४१ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे मात्र थांबण्यातच जोखीम वाढते. आधी कळा आणायच्या तर कारण हवं: वाढलेला रक्तदाब, मधुमेह, पाणी जाऊनही न आलेल्या कळा, बाळाची खुंटलेली वाढ. गुरुपुष्यामृत या यादीत नाही.

‘कळा आणवल्या की सिझर ठरलेलं,’ हेही सर्रास ऐकू येतं. २०१८ साली अमेरिकेतल्या ६,१०६ पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणवलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. म्हणून सगळ्यांनाच कळा आणवाव्यात असं मात्र नाही; तिथं बाळाच्या ठोक्यांवर नजर होती आणि तासन्‌तास थांबायची तयारी होती. गर्भाशयाचं तोंड मऊ पडलेलं नसताना सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत ‘फेल गेलं’ म्हणून टेबलावर घेतलं, तर दोष औषधाला कसा द्यायचा?

पंढरपुरी म्हशींच्या या जिल्ह्यात कळा आणायच्या औषधाबद्दल आणखी एक शंका हमखास निघते: ‘हे तर म्हशीला पान्हा सोडायला देतात तेच!’ तेच, ऑक्सिटोसिन. बाईच्या शरीरातही ते तयार होतं. जनावरांवरच्या गैरवापराचं कारण देऊन केंद्र सरकारनं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना त्याचं उत्पादन बंद करण्याचा आदेश काढला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात तो आदेश रद्द केला, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. धोका आहे तो मात्रेत. सलाईनमधून थेंब मोजून, ठोके ऐकत दिलं तर ते आटोक्यात राहतं. घरी कुणी कंबरेत टोचलं तर कळांना उसंत राहत नाही, बाळाचा प्राणवायू तुटतो, गर्भाशय फाटूही शकतं.

मग सिझर किती टक्के योग्य? सगळ्यांना लागू पडेल असा आकडाच नाही. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये धाराशिवपासून कर्नाटक सीमेपर्यंतच्या अवघड केसेस येतात. तिथलं प्रमाण गल्लीतल्या प्रसूतिगृहाशी ताडून काय कळणार? म्हणून रॉबसन पद्धतीत आधी बायकांचे दहा गट पाडतात: पहिलटकरीण की नाही, आधी सिझर झालंय का, बाळ आडवं की पायाळू, दिवस भरलेत का, कळा आपोआप आल्या का. तुलना होते ती त्या-त्या गटातल्या बायकांची आपसात.