दोन्ही बाजूंना एकच भीती

सप्टेंबर २०१७ मध्ये म्यानमारमधील बौद्धांच्या मोबाईलवर फेसबुकवरून इशारा फिरू लागला : ११ सप्टेंबरला मुस्लिमांचा हल्ला होणार, सावध राहा! त्याच दिवसांत मुस्लिमांनाही निरोप पोहोचत होता : राष्ट्रवादी भिक्खू तुमच्याविरुद्ध मोर्चे काढणार आहेत. दोघेही धास्तावले. एक वर्षाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या दोन्ही अफवांचा उगम छापला. तो एकच होता : देशाच्या लष्कराची गुप्तचर शाखा!

सायबर युद्ध म्हटले की शत्रुराष्ट्राचे संगणक फोडणारे तंत्रज्ञ आपल्या डोळ्यांसमोर येतात. म्यानमारच्या लष्कराने मात्र हे शस्त्र आपल्याच जनतेवर रोखले. दोन समाज एकमेकांना घाबरले, की दोघेही संरक्षणासाठी लष्कराकडेच पाहणार, हा त्यामागचा साधा हिशेब.

त्या वृत्तानुसार सुमारे ७०० माणसे या कामावर होती. राजधानी नेपिडॉजवळच्या तळावर पाळ्या लावून काम चाले. आधी गायक, सौंदर्यवती, करमणूक यांची पाने उघडायची, लाखो चाहते जमवायचे आणि मग त्याच पानांवरून विष सोडायचे. गाण्यासाठी आलेल्या पोराला आपण छावणीच्या दारात उभे आहोत, हे कळणार कसे? २०१४ नंतर तिथे सिमकार्ड एकदम स्वस्त झाले आणि सामान्य माणसासाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होऊन बसले. बातमी तपासून पाहायला दुसरी जागाच नव्हती.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्याचे निमित्त करून लष्कराने गावेच्या गावे जाळली. सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. फेसबुक कंपनीला जाग आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये! तेव्हा तिने लष्करप्रमुख मिन आंग हलाईंग यांच्यासह अनेकांची खाती व पाने काढून टाकली. त्यांना सुमारे १ कोटी २० लाख अनुयायी होते.

लष्कराचा खोटेपणा कोणत्या थराला गेला होता, ते त्याच्या जनसंपर्क व मानसशास्त्रीय युद्ध विभागाने जुलै २०१८ मध्ये काढलेल्या पुस्तकावरून दिसते. त्यात एका छायाचित्राखाली लिहिले होते की बंगाल्यांनी स्थानिकांची हत्या केली. ते छायाचित्र होते १९७१ चे, ढाक्याचे; प्रेते बंगाल्यांचीच होती! दुसऱ्या छायाचित्रातले 'घुसखोर' म्हणजे १९९६ मधील रवांडाचे निर्वासित. मूळ रंगीत चित्र कृष्णधवल करून जुने भासवले होते. रॉयटर्सने हे उघडकीस आणल्यावर लष्कराने आपल्या दैनिकात दोन चित्रांबद्दल माफी मागितली. पुस्तकातल्या मजकुराबद्दल नाही.

डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या रंगूनला गेले, तो हाच देश. म्हणून आपल्यापैकी काहींना त्याच्याविषयी बोलताना अवघडल्यासारखे होते. पण मैत्री आणि करुणा शिकवणाऱ्या धम्माच्या नावाने शेजाऱ्याचे घर जाळायला लावणारा सेनापती आपला कोण लागतो?

शिवाय तिथल्या बहुसंख्य बौद्धांना तरी या लष्कराने सोडले काय? १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याने सत्ता बळकावली. सकाळीच दूरध्वनी आणि इंटरनेट बंद पडले. चार दिवसांच्या आत फेसबुकही बंद केले गेले. पुढे रोज रात्री एकपासून सकाळी नऊपर्यंत इंटरनेट तोडले जाऊ लागले. रस्त्यावर उतरलेली बहुतेक मुले बौद्ध घरांतलीच होती. फेब्रुवारीअखेर फेसबुकने लष्कराला पूर्ण बंदी घातली, तेव्हा त्याचे समर्थक टेलिग्रामवर गेले. तिथे विरोधकांची नावे, छायाचित्रे, राहते पत्ते प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यानंतर त्यांतल्या अनेकांच्या दारावर शिपाई येऊन उभे राहिले.