इसाहाया: जमाखर्चात न धरलेला चिखल

14 एप्रिल 1997. जपानच्या क्युशू बेटावर 293 पोलादी पाट्या एकामागोमाग पाण्यात सोडल्या गेल्या आणि मिनिटभरात इसाहायाचा उपसागर आरियाके समुद्रापासून तुटला. बांध सुमारे 7 किलोमीटरचा, आत अडकले 3,500 हेक्टर. त्यातून शेतजमीन निघाली 700 हेक्टरहूनही कमी. उरलेला बहुतेक भाग गोड्या पाण्याचा साठा.

गेला तो भरती-ओहोटीचा चिखलपट्टा. कोकणातल्या खाजणात उड्या मारणाऱ्या निवटीची जपानी भावंडे तिथे बिळे करून राहत. शिंपले पाणी गाळत, गाळातले जिवाणू पाण्यातले जादा नत्र हवेत सोडत. थोडक्यात, सांडपाणी शुद्धीकरण, आणि तेही फुकट. फुकट म्हणूनच बहुधा कुणी मोजले नाही.

2000-01च्या हिवाळ्यात आरियाकेतले नोरीचे (सुशीला गुंडाळतात ते शेवाळ) पीक कोसळले. मच्छीमारांनी बांधाला दोष दिला, सरकारने तो नाकारला. बांधाचे दरवाजे उघडण्याचा आदेश फुकुओका उच्च न्यायालयाने 2010मध्ये दिला, तो अमलात आलाच नाही. तो आदेश निष्प्रभ करणाऱ्या निकालाविरुद्धचे मच्छीमारांचे अपीलही 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. गंमत म्हणजे, सरकारच्याच फेरहिशेबात प्रकल्पाचा लाभ खर्चापेक्षा कमी भरला होता.