आंब्याच्या फुलातील स्त्रीकेसर: फळ धरते कुठे आणि गळते का?

मुंबईतील माझगाव आज गोदीमुळे ओळखले जाते. पण एकेकाळी ते आंब्यासाठी प्रसिद्ध होते. 1817 साली प्रसिद्ध झालेल्या 'लल्ला रूख' या काव्यात आयरिश कवी टॉमस मूर यांनी माझगावच्या आंब्यांचा उल्लेख केला. त्याआधी, 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी मुंबई बेटावरील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे नोंदवले आहे. मात्र मोहोर एकदा येवो की दोनदा, फळ ठरते ते फुलातील मोहरीएवढ्या अंडाशयात. तो ओळखता आला, की भरगच्च मोहोर पाहून होणारी फसगत टळते.

दोन प्रकारची फुले

आंब्याच्या एकाच तुऱ्यात नर फुले आणि संयुक्त (उभयलिंगी) फुले असतात. नर फुलात फक्त पुंकेसर असतात. त्याला फळ कधीच धरत नाही. संयुक्त फुलात पुंकेसराबरोबर स्त्रीकेसरही असते. हापूसमध्ये संयुक्त फुलांचे प्रमाण कमी असते. मोहोर तयार होताना कडाक्याची थंडी पडली, तर ते आणखी घटते.

स्त्रीकेसराची रचना

फुलाच्या मध्यभागी मांसल, मधुरस स्रवणारी चकती असते. त्या चकतीवर पुढील भाग दिसतात:

- अंडाशय: फिकट पिवळसर हिरवा गोल मणी. त्यात एकच कप्पा असतो.
- कुक्षीवृंत: अंडाशयाच्या बाजूने निघणारा वाकडा, बारीक दांडा.
- कुक्षी: दांड्याचे टोक. परागकण येथे चिकटून रुजतात.
- बीजांड: अंडाशयाच्या कप्प्यात असलेले एकमेव बीजांड. त्याच्या आत प्रदेह नावाची ऊती, तिच्यात भ्रूणकोश आणि भ्रूणकोशात अंडपेशी असते.

टोमॅटो किंवा भेंडीच्या अंडाशयात अनेक बीजांडे असतात. काहींचे फलन हुकले तरी फळ वाढते. आंब्यात बीजांड एकच असल्याने संधीही एकच असते. परागनलिका वेळेत पोहोचली नाही, तर ते फूल बहुधा गळते.

कोणत्या ऊतीचे काय होते?

फलनानंतर अंडाशयाच्या भित्तीचे तीन थर होतात. बाहेरचा थर साल, मधला गर आणि आतला बाठ्याचे कठीण कवच बनतो. बीजांडापासून आतील बी तयार होते. म्हणजे आपण खातो तो गर पूर्णपणे मातृझाडाचा असतो, तर बीमधील भ्रूणात परागकणाचाही वाटा असतो. म्हणूनच हापूसचा बाठा पेरून हुबेहूब हापूस मिळत नाही. कलमच करावे लागते. वेल्लईकोलंबनसारख्या बहुभ्रूणी जातींत मात्र प्रदेहातूनच जादा भ्रूण तयार होतात. त्यांची रोपे मातृझाडासारखी एकसारखी निघतात, त्यामुळे ती खुंटासाठी उपयोगी पडतात.

फळे का गळतात?

संयुक्त फुलांपैकीही अगदी थोड्यांचेच फळ काढणीपर्यंत टिकते. त्यामुळे काही गळ नैसर्गिक आहे. मात्र पुढील कारणांनी ती वाढते:

1. थंडीमुळे परागकण निकामी होतात किंवा परागनलिका हळू वाढते.
2. माश्या व मधमाश्या कमी असल्याने पराग कुक्षीवर पोहोचत नाहीत.
3. हापूसला स्वतःच्या परागाने फळधारणा कमी होते.
4. फळवाढीच्या काळात पाणी व अन्नद्रव्ये कमी पडतात.
5. तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी रोगाचा प्रादुर्भाव होतो.

बागेत काय तपासावे?

झाडाच्या चारही बाजूंचे काही तुरे निवडावेत. प्रत्येक तुऱ्याच्या बुडापासून शेंड्यापर्यंतची थोडी फुले भिंगाखाली पाहावीत. मणी आणि वाकडा दांडा दिसणारी फुले संयुक्त, बाकीची नर. शंभर फुलांत संयुक्त किती, याची तारखेसह नोंद ठेवावी. गळलेली सुपारीएवढी फळेही उभी कापून पाहावीत. आतील कोवळे बी तपकिरी व सुकलेले असेल, तर फलनात किंवा बीजवाढीत अडथळा आल्याचा संकेत मिळतो. बी पांढरे व टपोरे असेल, तर पाण्याचा ताण किंवा कीड-रोग तपासावा.

उपाय

- मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. अगदी गरज पडल्यास सकाळी 9 ते 12 ही परागीकरणाची वेळ सोडून करावी.
- नवी लागवड करताना हापूसच्या बागेत साधारण 10 टक्के कलमे रत्ना, केसर अशा इतर जातींची लावावीत.
- बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात.
- फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून अंडाकृती होईपर्यंत, सोय असल्यास, प्रति झाड 150 ते 200 लिटर पाणी 15 दिवसांच्या अंतराने द्यावे.
- वाटाणा, गोटी आणि अंडाकृती अवस्थेत 1 टक्का पोटॅशियम नायट्रेटची (13:0:45) फवारणी करावी.

कृषी सहायकांनी मोहोराच्या दिवसांत गावात एक भिंग सोबत न्यावे. फुलातील मणी शेतकऱ्याने एकदा स्वतः पाहिला, की फुलोऱ्यात फवारणी का टाळायची, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.