उदासी दोन आठवडे हटली नाही, तर दवाखाना गाठा

आमच्या शेळगावात एक ताई आहेत. खुरपणीला निघालेल्या बायांत त्या सर्वांत पुढे असायच्या. हळूहळू त्यांचे रानात जाणे बंद झाले. पहाटे तीनलाच जाग यायची, जेवण जात नसे, तव्यावरची भाकरी करपली तरी ध्यान नसे. घरच्यांना वाटले, आळस आला. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा. अंग दुखते म्हणून सलाईनही लावून झाले. मी शिकलेला माणूस. मीही ‘मन घट्ट करा’ एवढेच सांगून मोकळा झालो. एका संध्याकाळी त्या लेकीला म्हणाल्या, “मी नसले तर तुमचे बरे होईल.” पोरगी रडत आमच्या दारात आली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

बंधू-भगिनींनो, ताईंना नैराश्याचा आजार झाला होता.

दुःख कोणाला चुकले आहे? घरातले माणूस गेले, पीक बुडाले, काम सुटले तर मन खचणारच. पण दिवस जातात तसे ते सावरते. नैराश्यात ते सावरत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, सोबत झोप-भूक बिघडली, थकवा राहिला, कामात लक्ष लागेना, आपण कुचकामी आहोत असे वाटू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. पुरुषांत हा आजार पुष्कळदा चिडचिड आणि दारूच्या आड लपतो. बाळंतपणानंतरही तो होतो.

यात त्या माणसाचा दोष नाही आणि भूतबाधा तर नाहीच. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. रक्तक्षय किंवा थायरॉईडच्या बिघाडानेही अशीच मरगळ येते, म्हणून तपासणी आधी करावी.

उपचार दोन : तज्ज्ञांशी बोलणे आणि गोळ्या. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा आशाताईंना विचारून करा. पुढे बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे ससून आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येते.

मात्र कोणी मरणाची भाषा केली, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोवर एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवा. “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवीही करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार मिळाले पाहिजेत.

ताईंना आम्ही त्याच रात्री दवाखान्यात नेले. पंधरा दिवस काही फरक दिसेना; त्या गोळ्या फेकून द्यायला निघाल्या होत्या. लेकीने धरून ठेवले. महिन्याभराने एका सकाळी त्यांनी स्वतः चूल पेटवून चहा टाकला. आज त्या पुन्हा खुरपणीला जातात.

तुमच्या घरात, आळीत कोणी असे गप्प झाले असेल, तर उपदेश नको. शेजारी बसा, ऐकून घ्या आणि दवाखान्यापर्यंत सोबत जा.