कोरड्या जमिनीवरचे घर का खचते?

ॲरिझोनातल्या फिनिक्सभोवतीच्या चँडलर, गिल्बर्ट, क्वीन क्रीक अशा गावांत नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी माणसे घर बघायला निघतात तेव्हा शाळा, ऑफिसचे अंतर, उन्हाळ्यातले विजेचे बिल आणि जमले तर पूर्वेचे दार, हे सगळे बारकाईने पाहतात. घराखालच्या मातीचा प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो. वर्षाला जेमतेम 180 मिलिमीटर पाऊस पडतो, जमीन उन्हाने टणक झालेली असते. अशा ठिकाणी पाया कशाला हलेल, असे वाटणे साहजिक आहे. पण खचण्याचे मूळ त्या कोरडेपणातच आहे. जी माती हजारो वर्षांत खोलवर कधी भिजलीच नाही, तिच्यावर आपण घर बांधतो, बाग लावतो, तरणतलाव खोदतो आणि तिला पहिल्यांदा पाणी पाजतो.

वाळवंटी जमीन घराला तीन प्रकारे त्रास देते. तिन्हींची कारणे निराळी, धोका कमी-जास्त आणि उपायही वेगळे. म्हणून ते एकेक करून समजून घेऊ.

भिजली की बसणारी माती

फिनिक्सचे खोरे डोंगरांनी वेढलेले आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिथे वादळी पाऊस येतो. त्याला तिथेही मॉन्सूनच म्हणतात. या पावसात डोंगरांतून गाळाचे लोंढे उतरतात, पायथ्याशी पसरतात आणि कडक उन्हात लगेच वाळतात. मातीच्या कणांना एकमेकांत नीट बसायला सवडच मिळत नाही. मधे पोकळ्या राहतात आणि कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे थोडी चिकणमाती, थोडे क्षार आणि चुना त्यांना धरून ठेवतात. चुरमुऱ्याचा लाडू असाच असतो: आत सगळी पोकळी, पण गूळ कडक आहे तोवर लाडू घट्ट. पाणी लागले की गूळ सुटतो आणि लाडू बसतो. या मातीचेही तसेच होते. कोरडी असताना ती दोन मजली घराचा भार सहज पेलते. भिजली की कणांमधले बंध सुटतात, पोकळ्या मिटतात आणि वरचे सगळे खाली येते.

ॲरिझोनाशेजारच्या कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेने कॅलिफोर्निया ॲक्विडक्ट हा मोठा कालवा नेताना अभियंत्यांना हीच माती आडवी आली. कालव्याच्या मार्गावर तात्पुरती तळी करून त्यांनी महिनोन्महिने पाणी मुरवले, जमीन जेवढी बसायची तेवढी आधीच बसू दिली आणि मग कालवा खोदला.

ही माती ओळखण्याची चाचणी सोपी आहे. जमिनीतून न विस्कटता काढलेला नमुना कड्यात बसवतात, त्यावर घराएवढा दाब देतात आणि पाणी सोडतात. नमुन्याची उंची किती टक्क्यांनी घटली ते मोजतात. जेनिंग्ज आणि नाइट या अभियंत्यांनी 1975 मध्ये दिलेली फूटपट्टी अजून वापरात आहे: 1 टक्क्याच्या आत घट असेल तर चिंता नाही, 5 टक्क्यांच्या पुढे त्रास ठरलेला, 10 टक्क्यांच्या पुढे गंभीर त्रास. 5 टक्के हा आकडा लहान वाटतो. पण दोन मीटर जाडीचा थर 5 टक्के बसला तर घर दहा सेंटिमीटर खाली जाते. त्यातही सगळे घर एकसारखे बसत नाही. ज्या कोपऱ्याशी ठिबकची नळी गळते किंवा पन्हळीचे पाणी पडते, तो कोपरा आधी जातो. भिंतीला तडा जातो तो बसण्यामुळे नव्हे, असे असमान बसण्यामुळे.

भिजली की फुगणारी माती

दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीवर ज्यांनी घर बांधले आहे, त्यांना पाया मुरमापर्यंत का न्यायचा हे सांगावे लागत नाही. काळ्या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला भेगा पाडते. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर घालण्याची पद्धत विकसित केली आणि कालव्यांच्या कामात ती रूढ झाली.

याच कुळातली चिकणमाती ॲरिझोनातही जागोजागी आहे. तिथली बहुतेक घरे खोल पायावर नसतात. जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभी असतात. बागेच्या पाण्याने कडेची माती फुगते, मधली कोरडीच राहते, आणि लादीच्या कडा वर उचलल्या जातात. यावर बिल्डरांनी शोधलेला तोडगा म्हणजे लादीत पोलादी तारा घालून त्या काँक्रीट कडक झाल्यावर ताणणे. एकेका तारेत सुमारे 15 टनांचा ताण असतो, म्हणून लादी तुकड्यातुकड्यांनी न हलता एकसंध हलते. अशा घराच्या गॅरेजच्या फरशीवर ‘कापू नका, भोक पाडू नका’ असा शिक्का असतो. तो गांभीर्याने घ्या. तिजोरी किंवा व्यायामाचे यंत्र बसवण्यासाठी भोक पाडताना तार तुटली तर इजा होऊ शकते आणि लादीही दुबळी होते.

या दोन्ही मातींच्या जोडीला कित्येक ठिकाणी कॅलिचीचा थर सापडतो. चुन्याने सिमेंटसारखी जमलेली ही माती असते. भार ती उत्तम पेलते, पण पाणी खाली झिरपू देत नाही. मग ते पाणी थरावरच साचते आणि आडवे सरकत पायापर्यंत पोचते.

आख्खे खोरे खाली जाते तेव्हा

तिसऱ्या प्रकाराची व्याप्ती काही मैलांची असते. शेतीसाठी आणि शहरांसाठी भूजल भरमसाट उपसले की खोल थरांतल्या चिकणमातीतले पाणी निघून जाते, तो थर दबतो आणि वरची जमीन खाली जाते. पुन्हा पाणी मिळाले तरी ही माती बहुतांशी पूर्ववत होत नाही. फिनिक्सच्या पश्चिमेला ल्यूक हवाई तळाच्या परिसरात पाण्याची पातळी 300 फुटांहून जास्त घटली आणि 1992 पर्यंत जमीन सुमारे 18 फूट खचली होती. ॲरिझोनाने 1980 मध्ये भूजल उपशावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यामुळे काही भागांत वेग मंदावला, पण खचणे सगळीकडे थांबलेले नाही.

18 फूट हा आकडा ऐकून दचकायला होते, पण एकट्या घराला यातून फारसे काही होत नाही. मैलोन् मैल जमीन एकत्रच खाली जात असल्याने घराला त्याचा पत्ताही लागत नाही. धोका असतो तो कडेला, जिथे गाळाच्या थराखाली डोंगराचा खडक वर येतो. खडक जागचा हलत नाही, शेजारचा गाळ मात्र खचतो, आणि मधली जमीन ताणली जाऊन चिरते. ही चीर सुरुवातीला जमिनीखाली असते, वर केसाएवढी रेघ किंवा ओळीने छोटे खळगे दिसतात. एखाद्या वादळी पावसाचे पाणी आत शिरले की माती वाहून जाते आणि एका रात्रीत घळ तयार होते. ॲरिझोनात अशी पहिली चीर 1927 मध्ये पिकाचो गावाजवळ नोंदली गेली. 2007 मध्ये क्वीन क्रीकजवळच्या चिरेत पडून एक घोडा मेला.

शेजारच्या नेवाडा राज्यात, नॉर्थ लास व्हेगसमध्ये, विंडसर पार्क ही 1960च्या दशकात कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी बांधलेली वसाहत भूजल उपसा आणि जमिनीतल्या चिरा यांच्यापायी मोडकळीला आली. उरलेल्या रहिवाशांना दुसरीकडे घरे देण्यासाठी नेवाडाने कायदा केला तो 2023 मध्ये.

घर बघायला जाल तेव्हा

भेग दिसली की घाबरू नका आणि नुसता रंग ताजा दिसला म्हणून निश्चिंतही होऊ नका. काँक्रीट वाळताना पडणाऱ्या केसाएवढ्या भेगा सगळीकडे असतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, ब्लॉकच्या भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, पाव इंचाहून रुंद किंवा दोन बाजू मागेपुढे झालेली भेग मात्र गंभीर असते. दारे अडकतात का, वरची कड तासलेली आहे का, कुंपणाची भिंत कललेली आहे का, ते पाहा. मग बाहेर जाऊन पाण्याचा माग घ्या. घरापासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरती हवी. ठिबकच्या नळ्या आणि हिरवळ भिंतीला चिकटून आहेत का, छपराचे पाणी कुठे पडते, तलावात वारंवार पाणी भरावे लागते का, हे विचारा.

कागदपत्रांत विक्रेत्याच्या माहितीपत्रकातले जमिनीविषयीचे प्रश्न आधी वाचा. नव्या वसाहतीत राज्याच्या रिअल इस्टेट खात्याचा सार्वजनिक अहवाल आणि बिल्डरचा माती-परीक्षण अहवाल मागा. ॲरिझोना भूगर्भ सर्वेक्षणाचे जमिनीतल्या चिरांचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात; पत्ता टाकून पाहायला पाच मिनिटे पुरतात. नेहमीचा घर-तपासनीस माती तपासत नाही, तेव्हा शंका आली तर फरशीची पातळी मोजणारा स्ट्रक्चरल इंजिनियर स्वतंत्रपणे बोलवा. तिथल्या प्रचलित करारात तपासणीला दहा दिवस मिळतात. त्यातला पहिला दिवस फोन करण्यात घालवा, नववा नव्हे. घराच्या नेहमीच्या विम्यात जमीन हलल्याने झालेले नुकसान सहसा धरलेले नसते, हेही ध्यानात ठेवा.

तीन प्रकारांचा निवाडा तीन तऱ्हेचा आहे. आख्खे खोरे खचत असेल, पण घर त्याच्या मधोमध असेल, तर तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. घराखालची माती बसणारी किंवा फुगणारी असेल तर पाणी लांब ठेवून बरेचसे निभावते. आधीच नुकसान झालेले असेल तर घट्ट थरापर्यंत पोलादी खांब रोवून लादी उचलून घेता येते. त्याचा लेखी अंदाज घ्या आणि तेवढी किंमत कमी करायला सांगा. नकाशावरची चीर मात्र प्लॉटमधून किंवा अगदी शेजारून जात असेल तर ती बुजवण्याचा खात्रीचा उपाय कुणाकडेही नाही. ते घर कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नका.